पाणी चुकलं

प्रयोगशाळेत तिला सगळे विरघळबाई म्हणत. नाव चेष्टेने ठेवलं होतं, पण चिकटलं ते चिकटलंच, आणि खरं सांगायचं तर तिला ते मनातून आवडायचंही. तिचं कामच ते होतं. बाहेरून पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांच्या, बाटल्या येत, अंगठ्याएवढ्या, तळाशी चिमूटभर सुकी पावडर. ती पावडर कशात विरघळवायची हे विरघळबाईने ठरवायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठं? पाणी घाला आणि हलवा. असं म्हणणारा भेटला की ती त्याला एक गढूळ बाटली दाखवायची. काही पावडरी पाण्यात सुखाने जातात, काहींना थेंबभर आम्ल लागतं, काहींना त्याच्या उलट. आणि काही इतक्या तेलकट स्वभावाच्या असतात की पाणी लागलं रे लागलं की अंग चोरून गोळा होतात. मग हलवा, आपटा, हात जोडा, सुटायचं नाव नाही. त्यांना आधी डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवायचं आणि मग थेंब थेंब पाणी, तेही अगदी नाकी नऊ येईपर्यंत सावकाश. म्हणून नियम असा की सगळ्या बाटलीला हात घालण्याआधी कणभर पावडर बाजूला काढून तिच्यावर करून बघायचं. हा नियम विरघळबाईने कधी मोडला नव्हता. दुसऱ्या कुणी मोडला तर ती त्याची अशी हजेरी घ्यायची की त्याला त्या दिवशीचा चहा गोड लागत नसे.

घरी मात्र ती नुसती धाकटी. आणि ही धाकटी एका दुपारी प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभी होती, समोर तिची ताई, ताईच्या हातात जेवणाचा डबा. डब्यात जेवण नव्हतं. बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली होती.

"हे कशात विरघळवायचं ते सांग," ताई म्हणाली. "एवढंच सांग. बाकी काही विचारू नकोस."

धाकटीने लेबल वाचलं. नाव ओळखीचं होतं. त्या पावडरीने तिला मागे रडकुंडीला आणलं होतं. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. ताईने तेवढ्या ओळीवर अंगठा ठेवला होता. मुद्दाम ठेवला होता की सहज, ते तिचं तिला ठाऊक.

ही बाटली कुणासाठी, हे विचारायची गरजच नव्हती. भाऊजींसाठी. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा, पेशाने कुलूप-किल्लीवाला. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, वर घर. आईवडील गेल्यावर धाकटी त्याच घरात वाढली, दुकानावरच्या खोलीत अभ्यास केला, आणि शेजाऱ्यांनी "पोरीला आणखी किती शिकवणार" असा सूर लावला तेव्हा भाऊजींनीच त्यांना परतवून लावलं होतं. न उघडणारं कुलूप आलं की भाऊजी त्याला कान लावून बसायचे. "जोर नाही लावायचा धाकटे," म्हणायचे, "ते काय म्हणतंय ते ऐकायचं." पुढे तिच्या कामाबद्दल कळलं तेव्हा ते खूश झाले होते. "म्हणजे तुझंही माझ्यासारखंच की! कुलूप समोर आणि किल्ली कुठली ते शोधत बसायचं!"

त्याच भाऊजींची बोटं आता चालत नव्हती. आधी बारीक कानस हातातून निसटायला लागली, मग किल्ली, मग चमचा. स्नायू झिजण्याचा आजार, वर चढत जाणारा. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की ह्यावर आज तरी औषध नाही, ठेवता येईल तितकं सुखात ठेवा. ताईने ते ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले, आणि घरी येऊन आकाशपाताळ एक करायला सुरुवात केली. फोनवर असल्या रुग्णांच्या नातेवाइकांचा एक गट होता. तिथे जो तो दुसऱ्याला औषध सांगत होता, आणि कुणाचं माणूस गेलं की बाकीचे दोन दिवस गप्प राहून पुन्हा सांगायला लागत होते. तिथूनच ही बाटली आली. कुणीतरी पाठवली, कुणीतरी म्हणालं की त्यांच्या मेहुण्याला हिने बरं वाटलं.

"गटात एक म्हणतो उकळलेलं पाणी घाला, एक म्हणतो सलाईन. एक बाई म्हणते पाण्यात थोडं व्हिनेगर टाकायचं. मी कुणाचं ऐकू? माझ्या घरात ह्याच कामाची माणूस आहे, तर मी ह्या लोकांना का विचारू?"

"ताई, हे औषध नाहीये गं. आम्ही हे काचेच्या बशीतल्या पेशींवर घालतो. त्यातल्या काही थोड्या जास्त जगल्या. बस्स. माणसाला कुणीही दिलेलं नाही."

"जगल्या ना?"

"बशीतल्या!"

"जगल्या ना पण?"

धाकटीने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात जोडले. ताई ढिम्म हलली नाही. तिचा आवाजसुद्धा चढला नाही. "तू नाही सांगितलंस तर मी घरचं पाणी उकळून घालीन. सुई आणलीय. उशीवर टोचून टोचून हातही बसलाय. तू रविवारी येशील तोपर्यंत थांबते, त्यापुढे नाही." एवढं बोलून तिने डबा बंद केला आणि रस्ता ओलांडून गेली. तिने आयुष्यात धाकटीकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे.

पुढचे दिवस धाकटीने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. हात काम करायचे, जीव टांगणीला लागलेला. मोठ्या डॉक्टरांना सांगावं, तर ते ताईला बोलावून चार शब्द सुनावतील आणि ताई दार लावून घेऊन आपलंच करील. बाटली चोरावी, तर दुसरी येईल, आणि ह्या वेळी ती धाकटीला दाखवायलाही आणणार नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात ताईच बसली होती आणि विचारत होती, जगल्या ना पण? शनिवारी निघताना तिने डीएमएसओची एक लहानशी कुपी पर्समध्ये टाकली. का टाकली? तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ते द्रावक अंगात टोचायचं नसतं, हे तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी टाकली. माणूस बुडायला लागलं की हाताला लागेल ते धरतं, आणि शिकलेलं माणूस काही वेगळं बुडत नाही.

रविवारी ती पोहोचली तेव्हा भाऊजी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ आरामखुर्चीत होते. गालफडं बसलेली, दाढी मात्र ताईने गुळगुळीत केलेली, अंगात इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"आली किल्ली शोधणारी," ते म्हणाले. शब्द जड पडत होते, पण डोळे तेच होते, मिस्कील. "सापडली का?"

"बघते भाऊजी."

"बघ बघ. जोर नको लावू हं."

ती पटकन स्वयंपाकघरात शिरली. तिथे ताईने ओटा असा घासून ठेवला होता की त्यावर शस्त्रक्रिया करता आली असती. स्वच्छ फडका अंथरलेला, त्यावर सुया, कापूस, स्पिरिट, औषधाच्या दुकानातून आणलेली निर्जंतुक पाण्याची बाटली. फ्रिजमधून काढून ती छोटी बाटलीही आधीच बाहेर ठेवलेली होती. "थंड असताना झाकण उघडलं की आतली पावडर दमट होते असं वाचलं मी," ताई म्हणाली. बरोबर होतं ते.

आणि तिथेच, हात धुता धुता, धाकटीचं ठरलं. वाद घालून ताई ऐकणार नव्हती. पण बाटलीच नासली तर? ही पावडर पाण्यात विरघळत नाही. सगळ्या बाटलीत एकदम पाणी घातलं की आत पांढरे गोळे होतील आणि ते तसेच तरंगत राहतील. प्रयोगशाळेत असे गोळे पुन्हा गोठवून, सुकवून पावडर करता येते. ह्या ओट्यावर नाही येणार. मग आपण चेहरा पाडून म्हणायचं, नासलं गं ताई, प्रवासात उष्णता लागली असणार. ताई रडेल. रडू दे. गोळे झालेलं औषध सुईतून जात नाही, एवढं तिलाही दिसेल. पर्समधली कुपी पर्समध्येच राहू दे.

योजना मोठी हुशारीची होती. हुशार माणसं गाढवपणा करतात तो असा नीट योजून करतात.

तिने बाटली हळूच आपटून पावडर तळाशी बसवली. तळाशी छान गोल पांढरी चकती होती. तिला आठवलं, आपल्याकडे येते ती ह्याहून कितीतरी कमी दिसते, काचेवर फुंकर मारल्यासारखी. पण पाठवणारे कधी कधी भर म्हणून साखरेसारखं काही घालतात, असं म्हणून तिने तो विचार बाजूला सारला. झाकण पुसलं. कणभर बाजूला काढून बघायचा आपला नियम तिला आठवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने तो जाणूनबुजून मोडला. पाणी सुईत ओढलं आणि सगळंच्या सगळं आत सोडलं.

"हलवायचं नाही का?" ताईने कुजबुजत विचारलं. देवघरात बोलावं तसा तिचा आवाज झाला होता.

"नुसतं फिरवायचं," धाकटी म्हणाली आणि बाटली बोटांत धरून फिरवू लागली. आता गोळे होतील. आता होतील.

चकती कडेने सुटली. मऊ झाली. आणि मग नाहीच राहिली. धाकटीने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. एक कण नाही, एक धागा नाही, धुरकटपणा नाही. पाणी जसं होतं तसं, आरपार.

क्षणभर, अगदी क्षणभर, तिला आनंद झाला. काय करणार? इतकी वर्षं आरपार दिसलं की जिंकलो, हीच सवय हाडीमाशी मुरलेली. आणि लगेच तिच्या लक्षात आलं. खरी पावडर थोडी जरी असती, तरी पाणी दुधाळ झालं असतं. हे विरघळायलाच नको होतं.

"विरघळलं!" ताईने तोंडावर हात दाबला. तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "विरघळलं गं! मला वाटलं होतं नाहीच होणार. त्या गटातल्या एकीचे सगळे गोळे झाले होते. तुझ्या हाताला यश आहे, बाई माझी!" तिने धाकटीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलांवर मोडली, आणि मग डोळे पुसून ती सुईकडे वळली.

"ताई, थांब."

"काय झालं?"

"हे ते नाहीये. दुसरंच काहीतरी भरलंय. तुमच्या तोंडाला पानं पुसलीत त्यांनी."

"लेबलवर नाव आहे ना? तूच वाचलंस."

"नाव काय, कुणीही चिकटवतं. ही पावडर पाण्यात विरघळत नाही ताई. कधीच नाही. मी हिच्यावर कितीतरी दिवस घालवलेत. विरघळली म्हणजेच ती नाही."

"मग काय आहे?"

"माहीत नाही. साखर असेल. साखर असली तर आपलं नशीब."

ताई शाळेपुढे शिकली नव्हती, पण हिशेबाला पक्की होती. दुकानात गिऱ्हाईक काय बोललं आणि काय बोललं नाही, दोन्ही तिच्या लक्षात राहायचं.

"पाण्यात विरघळत नाही, हे तुला माहीत होतं," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"मग तू पाणी का घातलंस?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. चुकून घातलं, घाईत घातलं. पण मग ताई म्हणाली असती, जशी पाण्यात चुकलीस तशी आताही चुकत असशील, आण ती सुई इकडे. ही बाटली साखरेची आहे हे ताईला पटायला हवं असेल, तर दुसरं सगळं सांगावं लागणार होतं.

"नासावी म्हणून घातलं," ती म्हणाली. "गोळे व्हावेत आणि तुला टोचता येऊ नये म्हणून."

"म्हणजे खरी असती तर..."

"तर मी तुझ्यासमोर नासवली असती. आणि तुला सांगितलं असतं की उष्णतेने नासली."

ताईने ओट्याची कड घट्ट धरली. धाकटीला वाटलं, आता कानाखाली वाजेल, आणि वाजली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

"त्यांनी फसवलं, ते परके होते," ताई म्हणाली. "त्यांना मी कोण? पण तू? ह्या घरात खाल्लंस, ह्यांच्या हाताला धरून रस्ता ओलांडायला शिकलीस. केसाने गळा कापलास गं माझा."

"ताई, ते त्यांच्या अंगात गेलं असतं तर..."

"मरणारच आहेत ते!" ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बाहेर ऐकू गेलं असतं. तिने हे दातांवर दात ठेवून म्हटलं, आणि म्हणून ते जास्त भयंकर वाटलं. "मला काय कळत नाही? मला ठाऊक नाही, हे औषध नाही ते? सकाळी उठून काहीतरी करायचं असतं मला. बर्फ बदलायचा, सुया उकळायच्या, तुझी वाट बघायची. ते नसलं तर मी त्यांच्यासमोर बसून नुसती बघत राहू? सांग ना, तू शिकलेली आहेस, सांग मला. काय करत बसू?"

धाकटीला एवढंच वाटत होतं की आपण पोचायच्या आधीच ही बाटली हातातून पडून फुटली असती तर किती बरं झालं असतं.

ताईने बाटली उचलली. पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली. मग नळ सोडला आणि सगळं मोरीत ओतलं, बाटलीही विसळली, उष्टी वाटी विसळावी तशी, आणि फडक्यावर पालथी घातली.

"अगं, झालं का?" बाहेरून भाऊजींची हाक आली.

ताईने पदराने तोंड पुसलं. "आले," म्हणाली आणि बाहेर गेली. धाकटी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

भाऊजी खुर्चीत ताठ बसले होते. डाव्या हाताची बाही कोपराच्या वर होती. चुरगळलेली, वेडीवाकडी, एका बाजूला उसवल्यासारखी ताणलेली, पण वर होती. कपाळावर घाम होता.

"बघ," ते ताईला म्हणाले. "मी केली वर. मनगटाचं बटणही मीच काढलं. तुम्ही आत गेलात तेव्हापासून लागलो होतो. कुणाला हाक नाही मारली." आणि तो काटकुळा झालेला हात त्यांनी जमेल तेवढा पुढे केला. "चल, टोच."

ताई त्या हाताकडे बघत उभी राहिली. धाकटीला वाटलं, आता ही सांगून टाकेल. साखर होती म्हणेल, किंवा हिने मुद्दाम नासवायला घेतलं म्हणेल. तिला दोन्ही म्हणायचा हक्क होता.

ताई खुर्चीशेजारी खाली बसली. "आज नाही हो," ती म्हणाली. "पाणी चुकलं. हिने दुसरंच पाणी घातलं, सगळे गोळे झाले. नासलं."

भाऊजींनी मान वळवून दाराकडे पाहिलं. धाकटी आता रडत होती, लहान मुलीसारखी, तोंडसुद्धा न झाकता.

"अगं वेडे, एवढ्यासाठी रडतात?" ते म्हणाले. "माझ्या हातून काय कमी कुलपं मोडली? मोडायचीच. दुसरी येईल बाटली. हो ना गं?"

"मागवते," ताई म्हणाली.

"मागव. आणि धाकटे, पुढच्या वेळी घाई नको करूस. तुला येतं ते. मला ठाऊक आहे, तुला येतं."

ताईने त्यांची बाही हळूहळू खाली ओढली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि मनगटाचं बटण लावून दिलं.